हजेरीतून हणमंत गेला कुठं?

प्रश्न : माझी नात यंदा आमच्या उंब्रजमध्ये पहिलीत गेली. तिला सोडायला जातो तेव्हा बाई हजेरी घेत असतात. स्वरा, आरोही, शिवन्या, अन्वी, शौर्य, विराज, रुद्र, शिवांश. अख्ख्या वर्गात एक मारुती नाही की हणमंत नाही. शालन-मालनचं तर नावच काढायला नको. माझ्या वडिलांचं नाव गावच्या मारुतीवरून ठेवलेलं. ही नवी नावं येतात कुठून आणि आमची गेली कुठं? घरात आता दुसरं बाळ येणार आहे. वडिलांचं नाव ठेवा म्हटलं की मुलगा-सून गप्प बसतात. आग्रह धरावा का?
(एक आजोबा, उंब्रज, ता. कराड)

उत्तर : आजोबा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आग्रह धरू नका, नाव मात्र जरूर सुचवा. असं का म्हणतो, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

तुमच्या पिढीची नावं बहुतेक मूल जन्मायच्या आधीच ठरलेली असत. उंब्रजला कृष्णा-तारळीचा संगम आहे आणि समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक गावातच आहे. मसूर, शहापूर, चाफळ, माजगाव, शिंगणवाडी इथले मारुतीही आसपासच. तारळीच्या काठानं थोडं वर गेलं की पालचा खंडोबा, पौषात त्याचं आणि म्हाळसेचं लग्न लागतं. अशा मुलखात घरोघरी मारुती, हणमंत, खंडेराव, मल्हारी, जोतिराम, महादेव असणारच. कुणी देवाला बोललेलं असायचं, कुणाचा आजा नुकताच वारलेला असायचा. नाव त्या देवाचं किंवा त्या आज्याचं, एवढं सरळ. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगायची तेही घरातल्या थोरांनी ठरवलेलंच. बाळाच्या आईला विचारायची पद्धत फारशी नव्हती.

या रीतीचं एक सुंदर उदाहरण आपल्याच भागातलं आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे इथं आजोळी झाला. बाळंतपण अवघड गेलं, आई शुद्धीवर नव्हती. आजीनं सागरोबाला साकडं घातलं : लेकीला वाचव, मला यश दे, मुलाचं नाव त्याचीच आठवण म्हणून ठेवीन. त्यावरून यशवंत. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. एका आजीचा नवस पुढं महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचं नाव झाला.

नवसाच्या शेजारी भीतीही असायची. पाठोपाठ मुलं दगावली की पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा म्हणायचं. दगडधोंड्याला आणि केराला काळ कशाला हात लावेल, ही त्यामागची आशा. नाव ओबडधोबड असलं तरी मूल जगावं म्हणून ठेवलेलं.

मुलींच्या बाबतीत मात्र उलटं होतं, आणि त्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला नकुशी, नकोशी, नकुसा म्हणायचं. म्हणजे देव ऐकेल आणि पुढच्या खेपेला मुलगा देईल. आपल्या सातारा जिल्ह्यात हे पाहायला फार जुन्या काळापर्यंत जायची गरज नाही. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली नऊशेसुद्धा भरल्या नाहीत. त्याच वर्षी जिल्ह्यात या नावाच्या मुलींचा शोध घेतला गेला आणि 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात 285 मुलींचं पुन्हा बारसं झालं. तोवर रोज सकाळी हजेरीला ‘नकुशी’ अशी हाक आली की त्यांना ‘हजर’ म्हणावं लागत होतं. रोज, चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं. त्या दिवशी नव्या नावाचा दाखला हातात पडला. कुणी वैशाली झाली, कुणी सावित्री, कुणी सिनेमातली ऐश्वर्या.

आजोबा, तुमच्या नातीच्या वर्गातली हजेरी पुन्हा एकदा ऐका, फक्त मुलींची. स्वरा, आरोही, अन्वी, ईश्वरी, शिवन्या, आराध्या. यातलं प्रत्येक नाव कुणीतरी बसून, शोधून, चार जणांना विचारून ठेवलंय. मुलाच्या नावाला जेवढा वेळ दिला, तेवढाच मुलीच्या नावाला दिलाय. ही नावं एकसारखी वाटतात, अशी माझीही तक्रार आहे. पण 2011च्या त्या यादीशेजारी ही यादी ठेवली की माझी तक्रार तोंडातच राहते. त्या 285 जणींपैकी कितीतरी जणी आज स्वतः आया झाल्या असतील. आपल्या लेकीचं नाव ठेवताना त्यांनी काय काय विचार केला असेल, तो कुठल्या यादीत दिसायचा नाही.

आता नवी नावं येतात कुठून? काही देशांत सरकारच दर वर्षी लोकप्रिय नावांची क्रमवारी जाहीर करतं. अमेरिकेत तर 1880 पासूनच्या जन्मांचा असा हिशेब मिळतो. आपल्याकडे जन्माची नोंद होते, नावांची क्रमवारी निघत नाही. म्हणून पहिला नंबर कुणाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माग काढता येतो. आज पहिली ते चौथीत असलेली मुलं साधारण 2015 नंतरची. त्या सुमारास घरोघरी संध्याकाळी ‘जय मल्हार’ ही मालिका चालू होती, 2017 पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. मल्हार, शंभूराज, स्वराज, राजवीर ही नावं त्या हवेत वाढली. नटनट्यांच्या मुलांची नावंही पाहिली जातात. ऐश्वर्या राय यांना नोव्हेंबर 2011 मध्ये मुलगी झाली, तिचं नाव आराध्या. त्यानंतर हे नाव आपल्या खेड्यापाड्यांतही ओळखीचं झालं. यात नवं काही नाही. मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं, सुनील गावसकरांनी वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हाय यांच्यावरून मुलाला रोहन म्हटलं. पुढं त्या सचिनवरून किती घरांत सचिन झाले, ते तुम्हीच मोजा. आज पहिलीत बसलेल्या कितीतरी मुलांच्या बापाचं नाव तेच निघेल.

शिवाय घरातल्या गरजा बदलल्या. नाव आटोपशीर हवं, इंग्रजीत लिहिताना अडायला नको, पुण्याला किंवा बाहेरदेशी गेलं तरी चालावं. आईच्या नावातलं एक अक्षर, बापाच्या नावातलं एक अक्षर, ज्योतिषानं सांगितलेलं आद्याक्षर, असं जुळवून नाव तयार करतात. त्याला मोबाइलवर एक छानसा अर्थही मिळतो. तो अर्थ मात्र शब्दकोशात जरूर पडताळावा, कारण असले कितीतरी अर्थ कुणीतरी मनानंच रचलेले असतात.

यातून एक अडचण निर्माण झालीय, जी पहिलीला शिकवणाऱ्या बाईंनाच नीट कळते. कमल, शालन, मारुती, दगडू ही नावं पोर काना-मात्रा-वेलांटी-उकार शिकलं की लिहू शकतं. शिवन्यामध्ये न्या आला, अन्वीमध्ये न्वी, श्रीशामध्ये श्री, शौर्यमध्ये रफार. जोडाक्षरं शिकायला अवकाश असतो आणि पोराला तर पहिल्या आठवड्यातच पाटीवर स्वतःचं नाव काढायचं असतं. मग ते चित्र काढल्यासारखं गिरवतं : श ला वेलांटी, व, आणि पुढं अर्ध्या न च्या जागी थबकतं, बाईंकडं बघतं. नात सरावाला बसली की तुम्ही शेजारी बसा. आपलं नाव आपल्या हातानं आलं, की पोरं हरखून जातात.

आता तुमची नावं गेली कुठं? आजोबा, ती वर्गातच आहेत. पालचा खंडोबा मल्हार आणि मार्तंड होऊन बसलाय. शंभू महादेव शिवांश झालाय. समर्थ तर या चाफळ-मसूरच्या मुलखात मुलाचं नाव म्हणून सर्रास ठेवतात. आणि मारुतीला रुद्राचा अवतार मानतात, हे तुम्हाला मी काय सांगावं? नातीच्या वर्गातल्या रुद्रला एकदा जवळ बोलवा आणि गावच्या मारुतीची ही ओळख त्याला करून द्या.

म्हणून मुला-सुनेशी बोलताना हट्ट नको, पण वडिलांची गोष्ट सांगा. त्यांचं नाव कुणी, का ठेवलं, ते कसे होते, हे मुला-सुनेला माहीत नसेल तर नुसतं ‘मारुती’ त्यांना जुनंच वाटणार. गोष्ट आवडली तर आंजनेय, पवन, रुद्र अशी एखादी वाट तेच काढतील. मुलगी झाली तर अंजनी आहेच, आणि हे नाव लिहायलाही सोपं. नाहीच पटलं, तर घरात हाक मारायला तुम्ही सुचवलेलं नाव ठेवायला कुणाची हरकत असते?

कागदाचं काम मात्र काळजीपूर्वक करा. शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ माणसाला जन्मभर पुरते. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी 1914 क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही बाबासाहेबांची नोंद झाली. तो दिवस 2017 पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आंबडवे या गावावरून आलेलं आडनाव शाळेत बदललं आणि तेच जगाला माहीत झालं.

जन्माची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यामार्फत झालीच पाहिजे, पण त्यात बाळाचं नाव लगेच घालायची घाई नसते. नोंदणीपासून वर्षभरात ते विलंब शुल्काशिवाय भरता येतं. तेव्हा घरात बोलायला सवड आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून बऱ्याच कामांना जन्मदाखला हाच पुरावा धरतात. म्हणून दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव मराठी-इंग्रजी दोन्हींत अक्षरशः एक ठेवा, नाहीतर शाळेत पोर्टलवर नाव जुळत नाही आणि हेलपाटे सुरू होतात. आणखी एक : 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदावर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमानं लिहायचं आहे. तुमच्या नव्या नातवंडाच्या नावात सूनबाईंचंही नाव येणार आहे. ते कसं लिहायचं, हेही त्यांना आत्ताच विचारून ठेवा.