इंग्रजीचे स्वभाषक आणि अन्यभाषक : तुलनेच्या निकषाचा प्रश्न

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा ‘स्वभाषकां’च्या तुलनेत ती शिकून घेतलेले ‘अन्यभाषक’ तिचा वापर कितपत चांगला करतात, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार उपस्थित केला जातो. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : अन्यभाषक स्वभाषकाच्या जवळ जाऊ शकतो, त्याची बरोबरी करू शकत नाही. प्रस्तुत लेखात या उत्तराहून अधिक त्यामागील निकष तपासावयाचा आहे. ‘चांगला वापर’ या शब्दप्रयोगात उच्चार, व्याकरणबोध आणि प्रयोजनानुसारी शब्दयोजना या तीन भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या आहेत, आणि तिन्हींचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

प्रथम उच्चाराचा विचार करू. मराठीभाषकाच्या इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या अक्षरांचे दोन ध्वनी बहुधा एकाच ‘व’मध्ये मिसळतात, इंग्रजीतील दंतमूलीय स्पर्शध्वनींच्या जागी ‘ट’, ‘ड’ हे मूर्धन्य येतात. अशोक केळकर यांनी १९५७ साली ‘मराठी इंग्रजी’वर शोधनिबंध लिहिला, तो अशा परक्या उच्चारढबीचा अभ्यास म्हणूनच. या फरकांमागे अज्ञान नसून मातृभाषेची ध्वनिव्यवस्था असते. मात्र उच्चारावरून भाषाप्रभुत्वाचे अनुमान काढता येत नाही. जोसेफ कॉनरॅड (१८५७–१९२४) याची मातृभाषा पोलिश, दुसरी भाषा फ्रेंच. इंग्रजी तो विशीच्या सुमारास जहाजावरील नोकरीच्या निमित्ताने शिकला. त्याचे इंग्रजी बोलणे अखेरपर्यंत परक्या ढबीचेच राहिले. परंतु १८९५ पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबऱ्यांनी इंग्रजी गद्याच्या इतिहासात मानाचे स्थान मिळविले. एकाच व्यक्तीच्या ठिकाणी उच्चार आणि लेखन यांची पातळी इतकी भिन्न असू शकते.

व्याकरणबोधाचा प्रश्न अधिक अवघड आहे. रने कोपीटर्स यांनी १९८७ साली फ्रेंच भाषेसंबंधी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वभाषकांइतक्याच सफाईने फ्रेंच वापरणाऱ्या अन्यभाषकांना त्यांनी काही वाक्यांची ग्राह्याग्राह्यता विचारली, तेव्हा त्यांचे निर्णय स्वभाषकांच्या निर्णयांहून लक्षणीय प्रमाणात वेगळे निघाले. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९९० साली याच अभ्यासाचा आधार घेऊन, इंग्रजीच्या अन्यभाषक शिक्षकांनी स्वभाषकांच्या भाषेशी सतत संपर्क राखला पाहिजे, असे प्रतिपादन केले. परंतु डेव्हिड बर्डसाँग यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्रेंच शिकलेल्या अनेक इंग्रजीभाषकांचे निर्णय स्वभाषकांच्या कक्षेतच आढळले. शिवाय कोपीटर्स यांच्या अभ्यासातूनच एक गोष्ट स्पष्ट होते : अंतर्गत बोध भिन्न असतानाही प्रत्यक्ष वापर उत्तम असू शकतो.

क्वर्क यांना ब्रज काचरू यांनी १९९१ साली उत्तर दिले. ज्या समाजांत इंग्रजीला प्रशासन, शिक्षण आणि साहित्य यांत स्वतःचे स्थान आहे, तेथील प्रत्येक वेगळेपण ही चूक मानता येत नाही, ही त्यांची मूळ भूमिका. ‘पोस्टपोन’च्या विरुद्ध अर्थाने भारतात रूढ झालेला ‘प्रीपोन’ हा शब्द इंग्रजीच्याच शब्दसिद्धीला धरून आहे आणि एक उणीव भरून काढतो. याउलट, कर्ता कोण हेच न कळू देणारे वाक्य कोणत्याही देशात सदोषच ठरेल. वेगळेपण आणि दोष यांतील ही सीमारेषा काचरूंच्या भूमिकेचा पुरस्कार करणाऱ्यांनीही पुसू नये.

तिसरा निकष प्रयोजनाचा. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले, न झालेले आणि १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी स्वतः प्रसिद्ध केलेले ‘अनायहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण घ्या. त्यातील युक्तिवादाची बांधणी, प्रतिपक्षाच्या मुद्द्यांचे क्रमवार खंडन आणि धारदार उपरोध यांचे मोल ती इंग्रजी लंडनच्या इंग्रजीशी ताडून ठरणार नाही. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ (१९७६) संयत, बोलक्या इंग्रजीत एका मराठी तीर्थक्षेत्राला सामोरी जाते. तिला १९७७ साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. येथे कवीची द्विभाषिकता ही उणीव नसून पाहण्याची जागा आहे. सुघटित युक्तिवाद किंवा कविता ही जन्मजात देणगी नव्हे. स्वभाषकालाही ती कमवावीच लागते. म्हणून या पातळीवर स्वभाषक आणि अन्यभाषक एकाच प्रारंभरेषेच्या बरेच जवळ असतात.

या विवेचनाचा मराठी विभागांशी थेट संबंध आहे. घरी अहिराणी, भिली किंवा गोंडी बोलणारा विद्यार्थी प्रमाण मराठीत उत्तरपत्रिका लिहितो, तेव्हा आपण नेमके काय तपासतो? अर्थाला बाध आणणारी रचना आणि केवळ घरच्या भाषेची खूण असलेले रूप या दोहोंवर एकाच लाल शाईची रेघ ओढली, तर ज्या निकषाने आपल्या इंग्रजीला कमी लेखले जाते, तोच आपण आपल्या विद्यार्थ्याला लावत असतो. प्रमाणभाषा शिकविणे हे आपले कर्तव्यच आहे. मात्र ती शिकविताना दोष कोणता आणि वेगळेपण कोणते, याचा निवाडा प्रत्येक ठिकाणी करावा लागेल. ‘स्वभाषकासारखे’ हे विशेषण त्या निवाड्याची जागा घेऊ शकत नाही.