गंभीर प्रसंगातही प्रेक्षक का हसतात?

प्रश्न : आमच्या एकांकिकेत सुरुवातीची पंधरा मिनिटं धमाल विनोदी आहेत. मग आजोबांच्या आजारपणाचा भाग येतो, तर प्रेक्षक तिथेही हसतात. चांगल्या चित्रपटांत मात्र एकाच प्रसंगात हसूही येतं आणि डोळेही भरून येतात. हे जमवतात कसं?

उत्तर : प्रेक्षकांना दोष देऊ नका. पंधरा मिनिटं तुम्ही त्यांना हसायला लावलंत आणि सोळाव्या मिनिटाला न सांगता नियम बदललात. आधी विनोद, मग गांभीर्य अशी वाटणी केली की हे हमखास होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी असाव्या लागतात. आणि त्याचं दुःख प्रेक्षकाला आधी ठाऊक असावं लागतं.

हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ (१९७१) पुन्हा एकदा या नजरेनं बघा. राजेश खन्ना पडद्यावर येण्याआधीच आपल्याला कळलेलं असतं, की आनंदला आतड्याचा कर्करोग आहे आणि तो फार दिवसांचा सोबती नाही. मग तो येतो तो बडबड करतच. आपल्या आजाराचं लांबलचक वैद्यकीय नाव त्याला भारदस्त वाटतं, त्या नावाचं तो कौतुक करतो. संवाद गमतीचा आहे, आपण हसतोही; पण समोर अमिताभ बच्चनचा डॉक्टर भास्कर हसत नाही. कॅमेऱ्याला त्या चेहऱ्यापलीकडे काही सांगावं लागत नाही. आजाराची बातमी मध्यंतरापर्यंत दडवून ठेवली असती, तर धक्का मोठा बसला असता, पण पूर्वार्ध नुसता थट्टामस्करीचा आणि उत्तरार्ध नुसता रडारडीचा झाला असता. धक्का देण्याच्या या मोहानं कितीतरी चांगल्या संहिता वाया जातात.

याच चित्रपटात रमेश देव यांचा डॉक्टर प्रकाश कुलकर्णी आहे. काहीही झालेलं नसताना आजाराचा ध्यास घेतलेल्या श्रीमंत शेठजींना तो गोळ्या लिहून देतो. असित सेन यांचे ते शेठजी पाहून हसू आवरत नाही. हा विनोद विरंगुळ्यासाठी घातलेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला काही झालेलं नाही तो मरणाला घाबरतो आणि ज्याचे दिवस भरत आलेत तो हसतो. गमतीच्या प्रसंगानंच मूळ विषय मांडला जातो.

आणि जॉनी वॉकर! आनंद अनोळखी माणसांना ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारत सुटतो. सगळे वैतागतात. एकटा जॉनी वॉकरचा इसाभाई मात्र तो खेळ तसाच पुढे चालवतो, जणू जुनी ओळख आहे. हा नाटकवाला माणूस आपल्याला हसवतो, म्हणूनच तो जेव्हा डोळे पुसतो तेव्हा आपल्याला सावरता येत नाही. विनोदी नटाला रडवायचं, ही युक्ती नव्हे. त्या माणसावर आपला जीव आधीच जडलेला असतो.

टीव्हीचं एक उदाहरण देतो. कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी रुग्णालयावरची ‘मॅश’ ही अमेरिकी मालिका १९७२ ते १९८३ चालली. वाहिनीनं तिला ध्वनिमुद्रित हशा जोडायला लावला होता. निर्मात्यांनी एवढं मात्र पदरात पाडून घेतलं, की शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा वाजणार नाही. त्यामुळे हातात चिमटे असलेले डॉक्टर विनोद करतात तेव्हा हसायचं की नाही, हे आपलं आपण ठरवतो. १९७५मध्ये लेफ्टनंट कर्नल हेन्री ब्लेक यांच्या निरोपाचा एक भाग आला. गमतीजमतीत ते घरी निघतात. मग शस्त्रक्रिया चालू असतानाच एक शिपाई आत येऊन सांगतो, की त्यांचं विमान पाडलं गेलं. कुणीही काम थांबवत नाही. ही बातमी असलेलं पान बहुतेक नटांना चित्रीकरणाच्या आधी दाखवलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, इथे तर धक्काच दिला. दिला, पण त्या मालिकेत जखमी सैनिक सुरुवातीपासून येत होते. मरण घरातलंच होतं, ते ओळखीच्या माणसापर्यंत पोचलं इतकंच.

आता तुमच्या आजोबांकडे येऊ. त्यांचा आजार पहिल्या दोन मिनिटांतच कळू द्या, आणि सगळ्यात जास्त विनोद त्यांच्याच तोंडी द्या. मुलगा आणि सून त्या विनोदांवर हसतात की गप्प राहतात, हे बसवताना नीट ठरवा. गंभीर क्षणी बासरी वाजत असेल, तर ती काढून टाका. प्रेक्षकाला काय वाटायला हवं हे संगीतानं सांगू नये. जो विनोद कापल्यावर आजोबांविषयी काहीच कमी होत नाही, तो बेधडक कापा, टाळ्या घेणारा असला तरी. तालमीत हे करून बघा आणि प्रयोगानंतर काय झालं ते जरूर कळवा.