माहितीपट पाहताना : बोलतो कोण, दाखवतो कोण?

पूर्वी चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा एखादा माहितीपट दाखवला जाई. लहानपणी तो आम्हाला कंटाळवाणा वाटे. मोठी माणसे तर मुद्दाम उशिरा आत येत. १९४८ साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. धरणे, शेती, लोकनृत्ये, आरोग्य असे नाना विषय तिने हाताळले. परंतु काही चांगले अपवाद सोडले, तर पडद्यावरचा शेतकरी किंवा मजूर मुका असे आणि त्याच्याविषयी भारदस्त आवाजाचा निवेदक बोलत असे.

मी बँकेत काम करतो. अर्जावर नाव, पत्ता, व्यवसाय आणि सही किंवा अंगठा एवढी माहिती असते. ती खरी असते, पण माणूस त्या रकान्यांत मावत नाही. माहितीपटाचेही तसेच आहे. तो खऱ्या माणसांचा असतो, म्हणून तो संपूर्ण सत्य असतो असे समजण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांनी हा फरक ओळखावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

या प्रकाराचा आद्य नमुना म्हणून रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) या चित्रपटाचे नाव घेतले जाते. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातील इनुइट कुटुंबाचे जीवन त्यात दिसते. जगभरच्या प्रेक्षकांना त्यामुळे एका अनोळखी समाजाविषयी आपुलकी वाटली, हे त्याचे श्रेय. पण नायकाचे खरे नाव नानूक नव्हते, अल्लाकारियाल्लाक होते. त्या काळी तेथील लोक बंदुकीने शिकार करू लागले होते, तरी चित्रपटात जुन्या पद्धतीच्या भाल्याने शिकार करविली गेली. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून अर्धेच घर बांधले गेले. म्हणजे बदलत चाललेला समाज ‘जसाच्या तसा प्राचीन’ दाखवला गेला. दुसऱ्याची संस्कृती दाखवताना असा मोह नेहमी होतो.

यापुढचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ (१९३५) या लहानशा माहितीपटात लंडनच्या गलिच्छ वस्तीतील रहिवासी कॅमेऱ्यासमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने सांगतात, की भिंतींना ओल आहे, घरात उंदीर आहेत. गरीब माणूस स्वतः बोलला, ही मोठी गोष्ट झाली. मात्र त्या माहितीपटाला पैसा गॅस उद्योगाच्या संघटनेने पुरवला होता आणि नव्या घरांत गॅसचा खप व्हावा हा तिचा हेतू होता. म्हणून खर्च कोणी केला, हेही विचारले पाहिजे.

आपल्या मुंबईचे उदाहरण घेऊ. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांची घरे पाडली जातानाचे चित्रण आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एक बाई दिग्दर्शकालाच फैलावर घेते. आमची चित्रे काढून तुम्ही नाव कमवाल, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख आहे. पटवर्धन यांनी तो प्रसंग कापला नाही. माझ्या मते या माहितीपटाचा प्रामाणिकपणा तेथेच सिद्ध होतो.

याच माहितीपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्यानंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली. काही दिवसांतच घोगरे यांनी दुःखावेगाने आपली जीवनयात्रा संपवली. तेथून सुरू झालेला पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. जमाव टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार केला, असे पोलिसांचे म्हणणे होते. गुंडेवार चौकशी आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. तीन तासांहून मोठ्या या माहितीपटात हे सारे आहेच. शिवाय वस्त्यांतले शाहीर आणि गाणी आहेत, कचरा उचलणाऱ्या कामगारांचे जिणे आहे. त्या दिवशी मेलेली माणसे वर्तमानपत्रात आकडा होऊन आली होती. येथे त्यांना घर आहे, नातलग आहेत.

आता कॅमेरा आपल्या माणसांच्या हातीही आला आहे. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांच्या ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१) मध्ये उत्तर प्रदेशातील ‘खबर लहरिया’च्या दलित स्त्री पत्रकार मोबाईलवर बातम्या टिपताना दिसतात. २०२२ साली या माहितीपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. जग कौतुक करीत असतानाच त्या पत्रकारांनी जाहीरपणे सांगितले, की चित्रण प्रभावी आहे, पण आमचे काम त्यात एकांगी आले आहे. आपुलकीने केलेल्या चित्रणालाही ‘हे अपुरे आहे’ असे सांगण्याचा हक्क चित्रित माणसाला आहे, हा यातला धडा.

म्हणून विद्यार्थ्यांनी कोणताही माहितीपट पाहताना पुढील प्रश्न वहीत लिहावेत :

१. पडद्यावरची माणसे स्वतः बोलतात, की त्यांच्या वतीने दुसराच कोणी बोलतो?
२. पैसा कोणी पुरवला आणि त्याचा हेतू काय असावा?
३. कोणते दृश्य मुद्दाम घडवून आणलेले वाटते?
४. कोणाची बाजू ऐकू आली नाही?
५. चित्रित झालेल्या माणसांना तो दाखवला, तर त्यांना तो पटेल का?

शेवटी एक नम्र सूचना. आपल्या समाजात १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण सांगणारी, गिरणीच्या संपाचे दिवस काढलेली, भीमगीते गात गावोगाव हिंडलेली वडीलधारी मंडळी आता फार थोडी उरली आहेत. आपल्या मुलांच्या खिशात आज कॅमेरा आहे. मंडळाच्या युवकांनी दर रविवारी एका आजी-आजोबांकडे जावे, त्यांची परवानगी घ्यावी, नाव, गाव, तारीख नोंदवावी आणि मग मध्ये न बोलता ऐकावे. झालेले चित्रण प्रथम त्यांनाच दाखवावे. त्यांनी ‘हे असे नव्हते’ म्हटले, तर तेही चित्रित करावे.

आपल्याविषयी इतरांनी पुष्कळ बोलून झाले. आपली माणसे हयात आहेत तोवर त्यांचे बोलणे त्यांच्याच आवाजात जपून ठेवणे, हे आता आपले काम आहे.

जय भीम!