घसरणारी चाके आणि डिझेल इंजिन

मोठा पाऊस झाल्यावर आष्टी-कडा परिसरातील काळ्या रानात अडकलेला ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. मागची चाके गरगर फिरतात, चिखल उडतो, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही. इंजिनाची ताकद कमी पडलेली नसते. कमी पडते ते चाक आणि जमीन यांमधील घर्षण.

शेतकऱ्याला नकोशी असणारी ही घसरण मोटारींच्या एका खेळात मुद्दाम घडवून आणतात. वळणावर मागची चाके घसरती ठेवून मोटार तिरपी नेत राहायची, हा तो खेळ. त्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूमुळे ही पद्धत प्रसिद्धीस आली. अशा मोटारींना बहुधा पेट्रोल इंजिन असते. तेथे डिझेल इंजिन चालेल का? उत्तर गणिताने शोधू या.

घसरण सुरू करणे

चाक न घसरता फिरते तेव्हा रस्त्याला टेकलेला त्याचा भाग त्या क्षणी स्थिर असतो. म्हणून तेथे स्थितिक घर्षण काम करते. आपल्या मोटारीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम आहे आणि त्यातील निम्मा भार मागच्या चाकांवर आहे असे समजू. हा भार सुमारे ६००० न्यूटन होतो. स्थितिक घर्षण गुणांक ०.९ धरला, तर घसरण सुरू होण्यासाठी ५४०० न्यूटन बल हवे. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर आहे.

बलाचे आघूर्ण = ५४०० × ०.३ = १६२० न्यूटन-मीटर

मेकॅनिक यालाच ‘टॉर्क’ म्हणतात. एवढा टॉर्क एकटे इंजिन देत नाही. गिअर तो वाढवतात. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे ५.६ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो असे मानू. मग इंजिनाकडून १६२० ÷ ५.६, म्हणजे सुमारे २९० न्यूटन-मीटर टॉर्क हवा. टर्बोचार्जर लावलेले दोन लिटरचे आधुनिक डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास एवढा टॉर्क देऊ शकते. टर्बोचार्जर नसलेले तेवढेच पेट्रोल इंजिन साधारण २०० च्या आसपास थांबते. येथे डिझेलची सरशी झाली.

घसरण टिकवणे

चाक एकदा घसरले की गतिक घर्षण काम करू लागते. ते स्थितिक घर्षणापेक्षा कमी असते. गुणांक ०.७ धरला तर बल ४२०० न्यूटन. आता चाकाचा कडेचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर ठेवायचा आहे.

शक्ती = बल × वेग = ४२०० × २० = ८४,००० वॅट

म्हणजे सुमारे ११३ अश्वशक्ती. (घसरताना घर्षणाचे बल तिरपे असते, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे.) या वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६३७ फेरे करते आणि इंजिन सुमारे ३५७०. तेव्हा लागणारा टॉर्क २२५ न्यूटन-मीटर. चांगले डिझेल इंजिन हेही पेलते.

थोडक्यात, घसरण सुरू करण्यासाठी टॉर्क लागतो. ती टिकवण्यासाठी शक्ती लागते.

फेऱ्यांची मर्यादा

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. हवा दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की ते पेटते. फवारा हवेत मिसळून जळायला वेळ लागतो. फेरे फार वाढले तर तेवढा वेळ मिळत नाही. शिवाय मोठा दाब सोसण्यासाठी भाग जड करावे लागतात. म्हणून मोटारीतील डिझेल इंजिन साधारणतः ४५०० फेऱ्यांच्या पुढे उपयोगाचे राहत नाही. पेट्रोल इंजिन सहज ६००० च्या पुढे जाते. म्हणजे डिझेलसाठी गिअर विचारपूर्वक निवडावा लागतो. जड इंजिनामुळे मोटारीचे तोंडही जड होते.

फेऱ्यांची हीच अडचण रेल्वेत वेगळ्या रीतीने सोडवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते आष्टी सुरू झालेल्या डेमू गाडीत डिझेल इंजिन जनित्र फिरवते आणि विजेच्या मोटरी चाके फिरवतात. त्यामुळे चाकांचा वेग बदलला तरी इंजिनाचे फेरे सोयीच्या मर्यादेत ठेवता येतात.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. उत्तर युरोपातील हौशी मंडळींनी मर्सिडीज-बेंझचे ओएम ६०६ हे तीन लिटरचे डिझेल इंजिन अशा मोटारींत बसवलेही आहे.

हा खेळ बंदिस्त मैदानावरचा आहे. रस्त्यावर घसरणे म्हणजे जास्तीचे स्थितिक घर्षण गमावून कमी गतिक घर्षणावर येणे. त्यामुळे थांबायला अधिक अंतर लागते. ओल्या रस्त्यावर ब्रेक करकचून दाबू नये, तो यासाठीच. वाहनातील ‘एबीएस’ यंत्रणा चाक अडकू न देता फिरते ठेवते, तीही यासाठीच.

करून पाहा : लाकडी ठोकळा ताणकाट्याने हळूहळू ओढा. ठोकळा हलण्यापूर्वीचे सर्वांत मोठे वाचन आणि तो सरकत असतानाचे वाचन यांची तुलना करा.

सोडवा : वरील उदाहरणात ५.६ ऐवजी ८ हे गुणोत्तर घेतले, तर ताशी ७२ किलोमीटर वेगाला इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतील? ते डिझेल इंजिनाला झेपतील का?