कुलरच्या वायरचा जोड

गेल्या उन्हाळ्यात एक गृहिणी मुंग्या आलेला हात घेऊन दवाखान्यात आल्या. कुलरमध्ये पाणी भरताना करंट लागला होता. वायर आखूड पडली म्हणून घरच्यांनीच जोड दिलेला. कुलरची वायर तीन तारांची, जोडलेली दोनच तारांची. हिरवी तार तशीच सोडून दिली होती!

ही हिरवी तार अर्थिंगची. कुलरच्या पत्र्यात वीज उतरली तर ती तिच्यावाटे जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ती नसेल तर वाट आपल्या शरीरातून. ६० वॉटच्या दिव्याला लागते तिच्या पाचव्या हिश्श्याएवढी वीज छातीतून गेली तरी हृदय बंद पडू शकते, आणि तेवढ्याने फ्यूज उडत नाही. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी मात्र तत्काळ वीज तोडते. ते वायरमनकडून जरूर बसवून घ्यावे.

शक्यतो बोर्डापासून कुलरपर्यंत तीन तारांची अखंड वायर घ्यावी. जोड द्यावाच लागला तर मेन स्विच बंद करून तिन्ही तारा कनेक्टरच्या स्क्रूखाली आवळाव्यात. जोड बंद डबीत, उंच व कोरड्या जागी असावा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड सैल होतो, तापतो. पाणी भरताना प्लगच काढावा.

कोणी चिकटलाच तर आधी मेन स्विच बंद करा, तोवर त्याला हात लावू नका. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्धीवर असला तरी ईसीजी काढावा. कातडीवरचा डाग रुपयाएवढा दिसला, तरी आतले स्नायू भाजलेले असू शकतात.