बिबट्याच्या खर्चाला महिना दहा हजार

मार्च २०२० मध्ये करोनामुळे भायखळ्याच्या राणीबागेतल्या प्राणिसंग्रहालयाला कुलूप लागलं. बाग १५ फेब्रुवारी २०२१ ला उघडली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, ती १ नोव्हेंबरला सुरू झाली. तिकीट खिडकी ओस पडली, पण पेंग्विनच्या काचेमागचं यंत्र थांबवता येत नव्हतं. त्यांना १६ ते १८ अंशांचा गारवा लागतो आणि रोजची मासळी चुकत नाही.

अशा वेळी सामान्य माणसाला मदतीची सगळ्यात सोपी वाट म्हणजे दत्तक योजना. प्राणी घरी येत नाही, आपण त्याचा वर्षाचा खर्च उचलतो. उदाहरणार्थ, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे २०२१ मधले वार्षिक दर असे होते: वाघ ३ लाख १० हजार, सिंह ३ लाख, बिबट्या १ लाख २० हजार, वाघाटी ५० हजार, नीलगाय ३० हजार, चितळ २० हजार आणि भेकर १० हजार रुपये. चालू दर कार्यालयातून लेखी मागून घ्या.

आकडे पाहून दचकू नका. या दराने बिबट्याचे महिन्याला दहा हजार होतात. वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत घरटी पाचशे. भेकराचे दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये, म्हणजे दोन कटिंग चहा. माझं मत विचाराल तर वाघाचा हट्ट सोडा. वाघाला मोठे दाते मिळतात, भेकराकडे फारसं कुणी वळत नाही. आणि एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा झेपेल तेवढी दरवर्षी द्या, कारण बंद पडलेली बाग उघडल्यावर पहिल्याच महिन्यात तिची घडी बसत नाही.

पैसे चेकने किंवा ऑनलाइन, थेट अधिकृत खात्यातच भरा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर नकोत. पावती लगेच घ्या. देणगीवर ८०जी ची करसवलत लागू आहे का, हे आधीच विचारा. असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, नव्या कररचनेत तर कुणालाच नाही. कंपनीत वजन असेल तर सीएसआरचा विषय काढा. कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या यादीत प्राणी कल्याण आहे.

एवढं झेपत नसेल, तर तिकीट काढून बाग पाहायला जा. राणीबागेत २०१७ पासूनचा दर मोठ्यांना ५०, मुलांना २५ आणि चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये. बुधवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी बाग बंद असते.