आधी भूखंडावर ने

पोरी, मालमत्ता विभागात आलीस आणि पहिल्याच महिन्यात महापालिकेचा औद्योगिक भूखंड भाडेपट्ट्याने द्यायला दलाल नेमायचं काम तुझ्याकडे आलं. या खात्यात माझे केस पांढरे झालेत, म्हणून सांगते.

सादरीकरण नंतर बघ. आधी प्रत्येकाला भूखंडावर ने आणि तो काय विचारतो ते ऐक. आमच्या वेळी दोघे आले होते. एकाने फाटकापाशी फोटो काढले, ‘लोकेशन झकास आहे’ म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. दुसऱ्याने रस्त्याची रुंदी पावलांनी मोजली. चाळीस फुटी कंटेनर इथे वळेल का, ट्रान्सफॉर्मरवर किती लोड शिल्लक आहे, पावसाचं पाणी कुठे जातं, असं विचारत तो चिखल तुडवत नाल्यापर्यंत गेला. जागा घ्यायला येणारा कारखानदार हेच विचारतो. आयुष्यभर फ्लॅट विकलेल्याला हे प्रश्न सुचत नाहीत. महारेराची नोंदणी बघच, पण 2016 चा रेरा कायदा आहे तो मुख्यतः बांधकाम प्रकल्पांतल्या विक्रीसाठी; शेड-गोदामाची जाण त्या नंबरावरून कळत नाही. आजवर कोणाला औद्योगिक जागा मिळवून दिल्या ते विचार आणि त्या लोकांना स्वतः फोन कर.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या धंद्यात दोन्हीकडून दलाली घ्यायची रीत आहे. ती इथे चालवून घेऊ नकोस. आमचा एक दलाल एका इच्छुकाकडून आधीच पैसे घेऊन बसला होता. बाकी चौकशीला येणाऱ्यांना ‘जागेवर वाद आहे’ सांगून परत पाठवायचा. लिलावात बोली एकच आली. पुन्हा लिलाव लावण्यात वर्ष गेलं, आणि मला ते आजही सलतं. म्हणून करारातच लिहून घे: मोबदला फक्त महापालिकेकडून, आणि आलेल्या प्रत्येक चौकशीची नोंद दर सोमवारी तुझ्या टेबलावर. मधूनमधून त्यातल्या दोघा-तिघांना तूच फोन लाव.

भावाचं आश्वासन द्यायचा अधिकार त्याला नाही, हेही पहिल्याच दिवशी बजाव. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे चालू बाजारमूल्याच्या खाली जागा देता येत नाही. दलालाने बोली लावणारे आणायचे. जागा कोणाला ते लिलावातच ठरणार.

मोबदल्याची घाई करू नकोस. बोली उघडली म्हणजे काम झालं नाही. अधिमूल्य पूर्ण जमा होऊन भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला, की मगच बिल काढ. मुदत सहा महिन्यांची ठेव, काम दिसलं तर वाढव.

आणि हे सगळं करण्याआधी मोजणीचा नकाशा घेऊन स्वतः हद्द फिरून ये. कोपऱ्यातले दगड सापडले नाहीत, तर दलालाची जाहिरात तेवढी थांबव.